राजारामपुरीतला बोलण्याचा वर्ग: दहा रविवारांनंतर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, छपाईखान्याच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी 10:30 ते दुपारी 1 या वेळेत मोठ्या माणसांना सभेत बोलायला शिकवणारा एक वर्ग चालतो. त्याला पाटी नाही आणि नावही नाही. एक निवृत्त शिक्षिका तो चालवतात, सगळे त्यांना नुसते बाई म्हणतात, आणि खाली कोणाला विचारले तर "बोलण्याचा वर्ग न्हवं? ह्या जिन्यानं वर जावा" एवढे उत्तर मिळते. या वर्षी जुलैच्या पहिल्या रविवारपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मी या वर्गाची दहा आठवड्यांची तुकडी पूर्ण केली. शुल्क 3,200 रुपये होते आणि तुकडीत आम्ही सोळा जण होतो. चार माणसांसमोर उभे राहायचे म्हटले की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना या वर्गात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सविस्तर सांगावे असे मला मनापासून वाटते, कारण असे कोणी आधी सांगितले असते तर माझी काही वर्षे वाचली असती.

मी करवीर तालुक्यात भोगावतीकाठच्या एका गावात महिला दूध संस्थेची सचिव आहे. सकाळ-संध्याकाळचे संकलन, फॅट आणि एसएनएफच्या (म्हणजे दुधातल्या फॅटखेरीज इतर घन घटकांच्या) नोंदी, दर दहा दिवसांची बिले, दिवाळीआधीचा दूध फरक (वर्षभराच्या दुधावर सभासदांना द्यायची वाढीव रक्कम) ही कामे मी पंधरा वर्षे करत आले आहे, आणि काट्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी बोलताना माझी जीभ कधी अडखळलेली नाही. अडचण वर्षातून एकदाच येते. सहकारी संस्थेचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपले की सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि आमच्याकडे अहवाल, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक वाचण्याचे काम सचिवाचे असते. पहिली तेरा वर्षे मी ते टाळले. कधी घसा बसल्याचे सांगितले, कधी चष्मा घरी राहिल्याचे, आणि आमच्या अध्यक्षांनी दर वेळी काही न विचारता कागद स्वतःकडे घेतले. गेल्या वर्षी मात्र सभासदांनीच आग्रह धरला. मी उभी राहिले, मागील सभेचे इतिवृत्त वाचायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीवर आवाज बंद झाला. आकडे डोळ्यांसमोर होते, ते मीच लिहिलेले होते, पण तोंडातून निघेनात. अध्यक्षांनी माझ्या हातातून कागद घेऊन पुढे वाचले. कोणी हसले नाही. तरीही त्यानंतर कित्येक दिवस संकलनाच्या वेळी दोघी हळू आवाजात बोलू लागल्या की त्या माझ्याविषयीच बोलत आहेत, असे मला वाटत राहिले.

त्या धक्क्यातून मी आधी एका दुसऱ्याच ठिकाणी तीन दिवसांचे व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर केले होते. त्याचे 11,000 रुपये भरले. साठ माणसांच्या त्या शिबिरात बोलत होते ते मुख्यतः प्रशिक्षकच, आणि आम्हाला आरशासमोर सराव करण्याचा व हात कसे हलवावेत याचा उपदेश मिळाला. स्वतःची ओळख करून देताना "मी भोगावतीकडनं एसटीनं आलो" असे मी म्हणाले, तेव्हा व्यासपीठावरून "आलो की आले, मॅडम?" असा प्रश्न आला आणि सभागृह हसले. उरलेले दोन दिवस मी तिथे एक शब्दही बोलले नाही. हे इथे सांगण्याचे कारण एवढेच की बाईंच्या वर्गाचे मोल मला या तुलनेतून कळले. माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे दहा रविवारांत मी 34 वेळा लोकांसमोर उभी राहिले. बोलण्याची भीती ही बोलण्याविषयी ऐकून जात नाही. ती बोलत राहण्याने कमी होते, आणि या वर्गाचा सगळा वेळ त्यासाठीच वापरला जातो.

पहिल्या रविवारी बाईंनी भाषणकलेबद्दल एक अक्षरही सांगितले नाही. खोलीत सोळा खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या आणि समोरच्या शहाबादी फरशीवर खडूने एक चौकोन आखलेला होता. प्रत्येकाने त्या चौकोनात जाऊन एक मिनिट गप्प उभे राहायचे, बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि बाईंनी टेबलावरची घंटी वाजवली की जागेवर यायचे, एवढेच काम होते. माझी पाळी पाचवी होती. चौकोनात पाय ठेवल्याबरोबर तळहात ओले झाले, आणि थोड्याच वेळात छातीचे ठोके कानात ऐकू येऊ लागले. चेहऱ्यांकडे पाहवेना, म्हणून मी समोरच्या एका काकांच्या खिशातल्या पेनाकडे पाहत राहिले. नंतर, नेमके कधी ते सांगता येणार नाही, पण घंटी वाजण्याच्या पुष्कळ आधी, वरच्या पंख्याची कटकट मला ऐकू आली. तोपर्यंत ती ऐकू येत नव्हती. मग त्या काकांचा चेहरा दिसला, आणि तेही घाबरलेले आहेत हे दिसले. सगळ्यांची पाळी झाल्यावर बाईंनी विचारले की सर्वांत जास्त भीती मिनिटाच्या कोणत्या भागात वाटली. सोळापैकी एकानेही शेवटचा भाग सांगितला नाही. बाईंनी फळ्यावर एक चढ आणि मग लांब उतार असलेली रेघ काढली आणि म्हणाल्या, "हा चढ तुमच्या ओळखीचा हाय. उताराला तुम्ही कधी थांबलाच नाहीसा."

त्या चढ-उताराचा अर्थ त्यांनी दुसऱ्या रविवारी समजावून सांगितला. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे, आणि धोक्याची सूचना देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. समोर साप असो की शंभर सभासद, सूचना मिळाली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडतात. हृदय जोराने चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे पडते आणि हातांना कंप सुटतो. हे सगळे पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी उपयोगाचे असते, ताळेबंद वाचण्यासाठी नव्हे. पण रक्तात आलेले अ‍ॅड्रेनालिन काही मिनिटांत ओसरू लागते. जो माणूस चढावरूनच परत फिरतो, त्याला तात्काळ सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेतूनच मेंदू असा धडा घेतो की पळालो म्हणून वाचलो. माझी तेरा वर्षांची घसा बसण्याची कारणे ही अशी एकेक सुटका होती आणि प्रत्येक सुटकेने पुढच्या वर्षीची भीती वाढवली होती, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

जर्मनीतील ट्रिअर येथील संशोधकांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीविषयीही बाईंनी सांगितले. निरोगी माणसाला प्रयोगशाळेत खात्रीने ताण द्यायचा तर काय करावे, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले उत्तर असे होते की त्याला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करायला लावावे आणि लगेच पाच मिनिटे मोठ्याने वजाबाकी करायला लावावी. जगभरच्या प्रयोगशाळांत ती चाचणी आजही वापरतात. वार्षिक सभेत सचिवाला भाषण आणि आकडे ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात, त्यामुळे हे ऐकताना मला फार मोठा दिलासा मिळाला. मी दुबळी आहे म्हणून गेल्या वर्षी गप्प झाले, हा समज मनातून निघायला तिथून सुरुवात झाली.

या वर्गातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या. बोलून झाल्यावर बोलणाऱ्याने आपल्या वहीत लिहायचे की आपली भीती लोकांना दहापैकी किती दिसली असेल. त्याच वेळी ऐकणारा प्रत्येक जण आपल्याला ती किती दिसली याचा आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतो. पहिल्या वेळी मी नऊ लिहिले होते. डब्यातल्या पंधरा चिठ्ठ्यांची सरासरी चार निघाली, आणि दोघांनी तर दोनच लिहिले होते. मला वाटले, लोक माझे मन राखत आहेत. पण जिचे हात थरथरताना मला अजिबात दिसले नव्हते, त्या शेजारच्या मुलीनेही स्वतःला आठ दिलेले पाहिल्यावर शंका घ्यायला जागा राहिली नाही. दहा आठवडे हा फरक सगळ्यांच्या बाबतीत जवळजवळ दर वेळी दिसत राहिला. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. आपल्या मनातली धडधड समोरच्याला स्पष्ट दिसते हा आपला भ्रम असतो, एवढे ज्या वक्त्यांना आधी समजावून सांगितले, त्यांची भाषणे त्यांना स्वतःला आणि ऐकणाऱ्यांनाही इतरांच्या भाषणांपेक्षा चांगली वाटली. ही माहिती एका वाक्यात सांगता येते. ती अंगी मुरण्यासाठी मात्र मला डब्यातल्या चिठ्ठ्या दर रविवारी स्वतःच्या हाताने उघडाव्या लागल्या.

आकड्याखाली ऐकणाऱ्याने आणखी एकच गोष्ट लिहायची असते: भाषणातले लक्षात राहिलेले एक वाक्य. शाबासकी लिहायची नाही, दोष काढायचा नाही, सूचना करायची नाही. सुरुवातीला मला हे अपुरे वाटले, कारण सुधारायचे कसे ते कोणी सांगतच नव्हते. चौथ्या रविवारी मी भेसळीच्या दुधावर तीन मिनिटे बोलले आणि पंधरापैकी अकरा चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच वाक्य आले, "पाणी घातलेलं दूध आधी लॅक्टोमीटरला कळतं, मग गावाला." ते वाक्य मी ठरवून आणलेले नव्हते. ज्या दोन मुद्द्यांसाठी मी रात्रभर जागले होते, ते एकाही चिठ्ठीवर नव्हते. काय पोचते आणि काय वाटेत गळून पडते, हे इतक्या थेटपणे दाखवणारी दुसरी रीत मला माहीत नाही. त्या सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत.

भाषेविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या तुकडीतल्या निम्म्याहून अधिक लोकांची भीती मुळात भाषेची होती. कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी जातो" असे सर्रास म्हणतात. ते आमच्या घरचे बोलणे आहे. शिबिरात झालेल्या हशानंतर मी तोंड उघडण्याआधी प्रत्येक क्रियापद तपासू लागले होते, आणि तपासता तपासता पुढचे वाक्य हरवत होते. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "तुमच्या सभेला बसणारी बाई काय म्हणते?" मी म्हणाले, "आलो म्हणते." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तिच्याशी तिच्या भाषेत बोला की. अहवालात लिहिताना 'आले' लिहा. दोन्ही तुमचंच हाय." त्या स्वतः शाळेत मराठी शिकवत होत्या आणि प्रमाणभाषेवर त्यांचे प्रभुत्व आहे, म्हणून या परवानगीला वजन होते. त्यामागचा त्यांचा विचारही नेमका आहे. बोलताना आपले लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर नीट राहते, आणि ते व्याकरणाच्या पहाऱ्यावर बसवले तर सांगायच्या गोष्टीला उरत नाही.

याचाच दुसरा दाखला आमच्या तुकडीतल्या एका टेम्पोचालकाने दिला. पहिले तीन रविवार त्यांना सलग दोन वाक्ये बोलता आली नव्हती. मग बाईंनी "आपल्या भागातली एक सभा" हा विषय दिला. ते हातकणंगले तालुक्यातले, माणगावजवळचे. मार्च 1920 मध्ये माणगावला जी परिषद भरली, जिचे अध्यक्ष अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर होते आणि जिला स्वतः शाहू महाराज उपस्थित राहिले, तिच्याविषयी घरातल्या थोरांकडून ऐकलेले ते सांगू लागले आणि चार मिनिटे थांबले नाहीत. बाईंनी वेळ संपल्याची घंटी वाजवली नाही. त्या टेम्पोचालकांनी स्वतःला भीतीचा आकडा दोन दिला होता, आणि माझ्या आठवणीत आमच्या तुकडीत एवढा कमी आकडा तोवर कोणीही स्वतःला दिला नव्हता.

कारागिरीच्या गोष्टी वर्गात पाचव्या रविवारनंतर येतात आणि त्या थोडक्यात पण पक्क्या शिकवल्या जातात. सुटा कागद हातात धरला की हाताचा बारीक कंपही कागदाच्या टोकाला मोठा होऊन दिसतो आणि तो पाहून आपणच अधिक घाबरतो, म्हणून कागद परीक्षेच्या पॅडला लावायचा. पहिली दोन वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी पाठ करायची, बाकीचे पाठ करायचे नाही, कारण पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. उभे राहण्याआधी चार अंक मोजत श्वास घ्यायचा आणि सहा अंक मोजत सोडायचा, कारण लांब सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाची गती खाली येते. माईक तोंडापासून तीन-चार बोटांवर धरायचा, तो फुंकून किंवा टिचकी मारून पाहायचा नाही, आणि माईक हातात घेऊन कर्ण्यासमोर जायचे नाही, नाहीतर स्पीकर शिट्टी देतो. वेळेसाठी हिरवी, पिवळी आणि लाल पाटी दाखवण्याची व "अं", "म्हणजे", "काय झालं" यांसारखे भरीचे शब्द मोजण्याची रीत अमेरिकेत 1924 साली सुरू झालेल्या, भाषणाचा सराव करणाऱ्या टोस्टमास्टर्स मंडळांकडून घेतली आहे, हे बाईंनी मोकळेपणाने सांगितले. पहिल्या मोजणीत तीन मिनिटांत माझे "म्हणजे" एकोणीस वेळा आले होते.

आवाजाबद्दल मात्र त्यांचे शिकवणे त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेले आहे. तरुणपणी त्या हौशी नाटकांत काम करत असत. शाहू महाराजांनी उभारलेले आणि 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले, पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले नाट्यगृह हे ध्वनिवर्धक नव्हते त्या काळचे आहे, आणि तिथल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला सांगायचे असे मनाशी धरले की आवाज न ओरडता पोचतो, असे त्या सांगतात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळाले, त्याची आठवण निघाली तेव्हा बाई मध्येच थांबल्या, खिडकीकडे पाहत राहिल्या आणि मग पुढे बोलल्या. त्यांच्या त्या थांबण्यातूनही आम्ही शिकलो. बोलताना कंठ दाटून आला तर थांबावे, आणि लोक थांबतात.

सातवा रविवार गोंधळाचा असतो. अर्ध्या वर्गाने सभासद व्हायचे, वाक्याच्या मध्ये प्रश्न टाकायचे, "नामंजूर" म्हणून ओरडायचे, आणि बोलणाऱ्याने तरीही अहवाल पुरा करायचा. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था आणि कारखाने यांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सरावाची गरज वेगळी सांगावी लागणार नाही. प्रश्न आला की बोलणे थांबवायचे, तोंड मिटायचे, प्रश्न पूर्ण ऐकायचा, तो आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचा, आणि माहीत आहे तेवढेच सांगायचे. माहीत नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत सांगणार ते जाहीर करायचे. त्या दिवशी बाईंनी स्वतः माझ्यासमोर उभ्या राहून "आमचं पैसं कुठं गेलं?" असा इतक्या मोठ्याने प्रश्न केला की माझ्या हातातला पॅड खाली पडला. मी तो उचलला, आणि पुढे वाचले.

आता उणिवा. जागा लहान आहे, जिना उभा आणि अरुंद आहे, एका बाजूला कठडा नाही, आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना तो चढणे अवघड आहे. खिडक्या उघडल्या तर रस्त्याचा आवाज येतो आणि मिटल्या तर उकडते. वर्ग वेळेवर सुरू होतो पण वेळेवर संपत नाही. तीन रविवारी तो पावणेदोनपर्यंत चालला आणि रंकाळा स्टँडवरची माझी एसटी चुकली, म्हणजे संध्याकाळच्या संकलनाची तयारी घाईत करावी लागली. गावाकडून येणाऱ्यांचा विचार करून बाईंनी हे आवर्जून सुधारले पाहिजे. लिखित टिपणे काहीच मिळत नाहीत. माईक एकच आहे, तोही सहाव्या रविवारी हातात येतो आणि त्याची वायर हलली की आवाज जातो. ज्यांना स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची किंवा इंग्रजीत सादरीकरणाची तयारी करायची आहे, त्यांच्यासाठी इथे वेगळे काही नाही.

याहून गंभीर तक्रार एक आहे. पहिल्याच रविवारी एका तरुणाला चौकोनात उभे असताना रडू आले, आणि बाईंनी घंटी वाजेपर्यंत त्याला तिथेच उभे ठेवले. मध्येच सोडले असते तर रडल्याने सुटका होते असे त्याचे मन शिकले असते, असे त्यांनी नंतर मला सांगितले. त्यांचे कारण मला समजते, पण पटत नाही. तो पुढचे दोन रविवार आला नाही. परत आला तेव्हा बाईंनी त्याला वीस सेकंदांपासून सुरुवात करू दिली, मग तीस, मग साठ, आणि त्याचे दहा रविवार पुरे झाले. भीतीच्या पायऱ्या प्रत्येकाला सारख्या उंचीच्या नसतात, आणि ही सवलत पहिल्याच दिवशी सर्वांना सांगायला हवी.

वर्ग हा उपचार नाही हेही नीट लक्षात घ्यावे. ज्यांना चारचौघांत जेवताना, फोनवर बोलताना किंवा दुकानात भाव विचारतानाही अशीच भीती वाटते, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. बोलण्यातले अडखळणे लहानपणापासूनचे असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावे. बाई स्वतः हे पहिल्या दिवशी सांगतात आणि आमच्या तुकडीतल्या एका काकूंना त्यांनी शुल्क परत करून तसे पाठवलेही. एका सहाध्यायाने मित्राच्या सल्ल्याने भाषणाआधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतल्याचे कळले, तेव्हा बाईंचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. त्या गोळीने हृदयाची धडधड आणि हातांचा कंप कमी होतो हे खरे आहे, आणि डॉक्टर काही जणांना ती याच कारणासाठी देतातही. पण दमा असलेल्या माणसाला ती धोकादायक ठरू शकते, आणि त्या सहाध्यायाच्या खिशात दम्याचा पंप होता.

दहाव्या रविवारी दसरा चौकाच्या बाजूला एका भाड्याच्या छोट्या सभागृहात प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे असते. प्रत्येकाने चार अनोळखी श्रोते आणायचे, म्हणजे आपल्या ओळखीचे पण इतरांना अनोळखी. मी माझ्या सासूबाईंना, दोन सभासद बायकांना आणि अध्यक्षांना आणले. मी नीट बोलले. पण ती परीक्षा मला खरी वाटली नाही, कारण तिथे सगळे चांगले व्हावे म्हणूनच आलेले होते. खरी परीक्षा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात झाली.

उभी राहिले तेव्हा तळहात ओले होते. गेल्या वर्षी होते तितकेच होते, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वर्गात गेल्याने भीती वाटायची बंद होईल अशा आशेने कोणी 3,200 रुपये भरू नयेत. फरक इतकाच होता की हा चढ आहे आणि पुढे उतार येतो, हे मला ठाऊक होते. पाठ केलेली दोन वाक्ये म्हणून झाली. तिसऱ्या ओळीवर, जिथे गेल्या वर्षी आवाज गेला होता, तिथे मी थांबले, श्वास सोडला आणि पुढे वाचले. अहवाल अकरा मिनिटे चालला. ताळेबंदावर मागच्या बाजूने एका सभासद आजींनी विचारले की पावसाळ्यात वासाच्या, म्हणजे वास येऊ लागलेल्या दुधाची कपात किती झाली आणि ती कोणत्या महिन्यात जास्त पडली. आकडा मला तोंडपाठ नव्हता. "आजी, तुम्ही विचारताय की वासाच्या दुधाची कपात किती आणि कधी. वहीत बघून सांगतो," असे मी म्हणाले आणि वही उघडली. पाने उलटायला मिनिटभर लागले असेल. सगळा मंडप गप्प होता, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि वर बांधलेल्या स्पीकरची बारीक घरघर मला ऐकू येत होती. जुलैचे पान सापडले. मी लिटर सांगितले, रक्कम सांगितली, ऑगस्टमध्ये ती निम्म्यावर का आली तेही सांगितले. आजी "मंजूर" म्हणाल्या आणि मग बाकीच्या म्हणाल्या.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. नाव फोनवर घेत नाहीत, आदल्या रविवारी सकाळी दहाच्या आत वर जाऊन द्यावे लागते, आणि सोबत शंभर पानी वही न्यावी लागते. जुन्या विद्यार्थ्यांना पहिल्या रविवारी श्रोते म्हणून बसता येते, कारण गप्प उभे राहणाऱ्या माणसाला समोर चेहरे लागतात. मी जाणार आहे. त्या दिवशी सकाळचे संकलन पाहायला मी शेजारच्या वहिनींना आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि चिठ्ठ्यांसाठी कोऱ्या कागदांचे चौकोन कापून ठेवले आहेत.